सह्याद्रीतील डोंगरांची मोजणी, वर्गवारी व नामनोंद

कोणत्याही डोंगराची शास्त्रीय नोंद करावयाची म्हटल्यास तीन प्रश्न उपस्थित होतात. तो डोंगर कोठे आहे, त्याची उंची किती आहे आणि त्याचे नाव काय? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उपकरणे व गणित यांच्या साहाय्याने मिळतात. मोजणी निर्दोष असेल तर ती कोणीही काढली तरी सारखीच येतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माणसाच्या तोंडून ऐकावे लागते. ते कोणत्या गावात विचारले, कोणास विचारले, ऐकणाराच्या कानाने ते कसे टिपले आणि कोणत्या लिपीत लिहिले, या सर्वांवर त्याचा खरेपणा अवलंबून असतो. नकाशावर मात्र तिन्ही उत्तरे एकाच ठिकाणी, एकाच शाईने छापलेली असतात. त्यामुळे उंचीच्या आकड्याइतकेच नावही निश्चित आहे असा वाचकाचा समज होतो. हा समज कितपत साधार आहे, याचा विचार सह्याद्रीच्या उदाहरणाने येथे केला आहे.

१. मोजणी

भारतातील पद्धतशीर त्रिकोणमितीय सर्वेक्षणास १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन याने मोजलेल्या आधाररेषेपासून प्रारंभ झाला. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. सपाट जमिनीवरील दोन बिंदूंमधील अंतर अत्यंत काटेकोरपणे मोजावयाचे आणि त्या दोन्ही बिंदूंपासून दूरवरच्या तिसऱ्या बिंदूकडे थिओडोलाइट रोखून कोन घ्यावयाचे. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन हाती आले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतील प्रत्येक बाजू ही पुढील त्रिकोणाची आधाररेषा होते. उभा कोन घेतल्यास, पृथ्वीची वक्रता व हवेतून येताना प्रकाशकिरणास पडणारा बाक यांचा हिशेब करून, उंचीही काढता येते. लॅम्टनने दक्षिणेकडून उत्तरेकडे हे त्रिकोणांचे जाळे विणत आणले. त्याच कामावर असताना १८२३ च्या जानेवारी महिन्यात वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे हे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट व त्याच्यानंतर अँड्र्यू वॉ यांनी चालविले.

या पद्धतीत डोंगराचे स्थान काय, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्वेक्षकास दूरवरून दिसेल व जेथून दूरवरचे दिसेल असा बिंदू हवा असतो. डोंगराची सोंड, कडा, पाण्याचे टाके, चढण्याची वाट यांच्याशी कोन घेताना त्याचा संबंध येत नाही. त्याच्या वहीत डोंगर म्हणजे एक बिंदू. आणि नाव म्हणजे तो बिंदू दुसऱ्या बिंदूपासून वेगळा ओळखता यावा यासाठी लावलेली खूण. अशी खूण म्हणून एखादा अनुक्रमांकही पुरतो.

हिमालयात नेमके हेच घडले. नेपाळात प्रवेश नसल्यामुळे तेथील शिखरे दुरूनच मोजावी लागली आणि त्यांना क्रमांक देण्यात आले. पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच असल्याचे १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार या गणितज्ञाच्या आकडेमोडीतून निष्पन्न झाले. १८५६ साली वॉ याने त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर केले. स्थानिक नाव निश्चित करता येत नसल्याचे सांगून त्याने आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले. आश्चर्य असे की, खुद्द एव्हरेस्टने १८५७ साली या सूचनेस हरकत घेतली. आपले नाव हिंदीत लिहिता येणार नाही व येथील लोकांना उच्चारता येणार नाही, हे त्याचे कारण होते. १८६५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते नाव तरीही स्वीकारले. तिबेटी भाषेत त्या पर्वतास चोमोलुंगमा हे नाव पूर्वीपासून होते. म्हणजे नाव नव्हते असे नाही. ज्या बाजूस उभे राहून विचारणा झाली, त्या बाजूस ते ऐकू आले नाही. काराकोरममध्ये १८५६ साली माँटगोमेरीने वहीत ‘के-१’ व ‘के-२’ अशा खुणा केल्या. त्यांपैकी पहिल्याचे मशेरब्रुम हे स्थानिक नाव समजताच ते रूढ झाले. दुसऱ्याची खूणच त्याचे नाव होऊन बसली.

२. वर्गवारी

मोजणीनंतर वर्गवारीचा प्रश्न येतो. कोणत्या उंचवट्यास स्वतंत्र डोंगर म्हणावयाचे व कोणत्यास दुसऱ्या डोंगराचा केवळ एक भाग मानावयाचे? या प्रश्नाचा सविस्तर विचार स्कॉटलंडमध्ये झालेला आहे. ह्यू मन्रो याने १८९१ साली तेथील ३,००० फुटांहून उंच शिखरांची कोष्टके प्रसिद्ध केली. तीत ५३८ माथे होते. पण त्यांपैकी २८३ च स्वतंत्र पर्वत होत असे त्याने ठरविले. हा निवाडा कोणत्या कसोटीवर केला, हे त्याने सूत्ररूपाने सांगितले नाही. पुढे जॉन रूक कॉर्बेट याने २,५०० ते ३,००० फुटांमधील पर्वतांची यादी करताना एक निश्चित अट घातली. माथ्यावरून कोणत्याही दिशेने दुसऱ्या अधिक उंच माथ्याकडे जाताना निदान ५०० फूट खाली उतरावे लागले पाहिजे. १९९२ साली अॅलन डॉसन याने ब्रिटनमधील डोंगरांची यादी करताना समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची अट पूर्णपणे वगळली आणि १५० मीटर उतार ही एकच कसोटी ठेवली. अशा रीतीने ‘उंची’ या कल्पनेची जागा ‘स्वतंत्र उठाव’ या कल्पनेने घेतली.

ही कसोटी काटेकोर आहे यात शंका नाही. तथापि सह्याद्रीस ती लावू गेल्यास एक अडचण येते व ती भूरचनेतून उद्भवलेली आहे. सह्याद्रीचा उत्तर भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि त्यांच्यामधील मऊ थर झिजून उतार व सपाट्या तयार झाल्या. या खडकास भूशास्त्रज्ञांनी दिलेले ‘ट्रॅप’ हे नाव जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. हा जिना पश्चिमेस कोकणात एकदम कोसळतो व पूर्वेस देशाकडे सावकाश उतरतो. परिणामी कोकणातून जो दुर्लंघ्य डोंगर दिसतो, तो देशावरून आलेल्या माणसास पठाराचा शेवट एवढाच वाटतो. कळसूबाई (१,६४६ मीटर) किंवा बागलाणातील साल्हेर (१,५६७ मीटर) यांच्यासारखी ठळक शिखरे वगळता, येथे माथ्यापेक्षा कडा अधिक बोलका असतो. हरिश्चंद्रगडाचा सर्वांत प्रसिद्ध भाग त्याचे शिखर नसून त्याचा कोकणकडा आहे, ही गोष्ट या दृष्टीने सूचक होय.

याच नावात आणखी एक तथ्य दडलेले आहे. कोकणाकडे तोंड असलेला कडा तो कोकणकडा, हे नामकरण घाटावर राहणाऱ्या माणसाचेच असू शकते. कोकणात राहणारास तो कडा कोकणाकडचा म्हणण्याचे काही कारण नाही. नाव हे अशा रीतीने डोंगराबरोबरच नाव ठेवणारा कोठे उभा होता याचीही नोंद करीत असते. सर्वेक्षकाच्या आकड्यांत ही माहिती येत नाही.

३. लोकभाषेतील वर्ग

सह्याद्रीत राहणाऱ्या लोकांनी डोंगरांची वर्गवारी केली नाही असे मानणे चुकीचे ठरेल. ती त्यांच्या शब्दांत आहे. उंचवटा लहान असेल तर तो टेकाड किंवा टेकडी, मोठा असेल तर डोंगर. डोंगरापासून सुटा, उभा, चढण्यास बिकट असा खडक म्हणजे सुळका. डोंगरापासून खाली उतरत गेलेली लांबट बाजू म्हणजे सोंड किंवा दांड. दोन्ही अंगांस उतार असलेला अरुंद कणा म्हणजे धार. उभा तुटलेला भाग कडा, कड्याच्या पोटाशी असलेली झाडीची सपाटी पदर, आणि माथ्याखालची रुंद, राबती सपाटी माची. खडकास आरपार पडलेले भोक म्हणजे नेढे. सुईच्या छिद्रास जो शब्द आहे तोच येथे योजला आहे. राजगड व रतनगड येथील नेढी प्रसिद्ध आहेत. भूशास्त्रज्ञाने स्वीडिशमधून जिन्याची कल्पना आणली खरी. पण त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीस मराठीत अगोदरच स्वतंत्र शब्द होता.

या शब्दांचा दुसरा गट डोंगर ओलांडण्याच्या जागांचा आहे, आणि तो पहिल्या गटाइतकाच समृद्ध आहे. लादलेले जनावर जाऊ शकेल अशी रुळलेली वाट तो घाट. डोंगराच्या कण्यातील खाच ती खिंड. दोन कड्यांमधून तीव्र उताराने खाली जाणारी, पावसाळ्यात पाण्याची वाट होणारी घळ ती नाळ. लिंगाण्याच्या परिसरातील बोराट्याची नाळ हे याचे उदाहरण. उत्तरेकडे याच अर्थकक्षेत बारी हा शब्द चालतो. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचे नाव बारी असेच आहे.

बागलाणातील डोंगररांगेस सेलबारी–डोलबारी म्हणतात. ही मुळात दोन खिंडींची नावे आहेत. रांग त्यांच्यावरून ओळखली जाऊ लागली. असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर ‘घाट’ या शब्दाबाबत घडला. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीयांनी तो शब्द ऐकला व संपूर्ण पर्वतरांगेस लावला. त्याचे भाषांतर होऊन आता ‘पश्चिम घाट’ हे नाव मराठी पाठ्यपुस्तकांतही स्थिरावले आहे. यास निव्वळ गैरसमज म्हणून सोडून देता येत नाही. डोंगरात राहणारास संपूर्ण रांगेस नाव देण्याची गरज क्वचितच पडते; बाजारास, देवास किंवा सोयऱ्यांकडे जाताना कोणत्या वाटेने जावयाचे, हे सांगण्याची गरज मात्र रोजची असते. म्हणून वाटांना नावे दाट आणि रांगांना विरळ, असे चित्र दिसते. रांगेचे नाव दुरून पाहणारा देतो. तो प्राचीन काळी पुराणकार होता व त्याने सात कुलपर्वतांत ‘सह्य’ मोजला. अर्वाचीन काळी तो नकाशाकार होता.

४. नावांचे थर

एकाच डोंगरास एकाहून अधिक नावे असणे हा सह्याद्रीतील नियम म्हणावा लागेल. डोंगरावर गड बांधला गेला की राज्यकर्त्याने दिलेले नाव वर येते व डोंगराचे नाव मागे पडते. प्रतापगड ज्या डोंगरावर उभा आहे तो भोरप्या. राजगडाचा डोंगर मुरुंबदेव. रायगड पूर्वीचा रायरी. यांत गडाचे नाव खरे व डोंगराचे नाव जुने झाले, असे म्हणता येत नाही. एक नाव सत्तेच्या व्यवहारातले आहे, दुसरे गुराख्याच्या. दोन्ही नावे आपापल्या ठिकाणी साधार आहेत. देवतांवरून पडलेली नावे हा आणखी एक थर होय. कळसूबाई, सप्तशृंगी, ढाकोबा या नावांत डोंगर व देवता यांत भेद केलेलाच नाही.

इंग्रजी अमदानीत यावर आणखी एक थर चढला. महाबळेश्वरातील सर्वांत उंच जागेस सिंदोळा म्हणत. तिचा विल्सन पॉइंट झाला. खंडाळ्याजवळील नागफणीस ड्यूक्स नोज म्हणू लागले. फणा काढलेल्या नागाचा आकार एका समाजास दिसला, वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दुसऱ्यास. खडक मात्र तोच राहिला. येथे मूळ नाव टिकून असल्यामुळे दोहोंची तुलना करता येते. जेथे ते टिकले नाही, तेथे तुलनेचे साधनच नाहीसे झाले आहे.

५. लिपीमुळे होणारी हानी

नाव बदलले तर ते निदान दिसून येते. लिपीमुळे जी हानी होते ती सहसा दिसत नाही. नकाशावरील नावे प्रथम रोमन लिपीत आली. रोमनमध्ये ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांतील भेद खुणांवाचून दाखविता येत नाही. आणि नकाशावर या खुणा बहुधा गाळल्या जातात. तालव्य व दंततालव्य ‘च’ यांतील भेद तर देवनागरीतही लेखनात येत नाही. अशा रोमन नावाचे पुन्हा देवनागरीकरण करणारा, तो प्रदेश ठाऊक नसल्यास, अंदाजाने अक्षर निवडतो. कळसूबाईची ‘कलसुबाई’ व थळ घाटाचा ‘थल घाट’ ही रूपे याच मार्गाने आली आहेत.

बोरघाटाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. खंडाळ्याच्या या घाटातून १८६३ साली लोहमार्ग सुरू झाला, त्या काळच्या इंग्रजी लेखनात ‘ब’ च्या जागी ‘भ’ दर्शविणारी अक्षरे पडली. त्यावरून ‘भोर घाट’ असे रूप मराठीत परत आले. परंतु भोर हे पुणे जिल्ह्यातील निराळे गाव आहे आणि भोरहून महाडास उतरणारा वरंध घाटही निराळा आहे. एका महाप्राणाच्या फरकाने वाचक एका घाटातून कित्येक कोस दूर असलेल्या दुसऱ्या घाटाच्या परिसरात जाऊन पोहोचतो.

गोव्यात हाच प्रश्न पोर्तुगीज लेखनपद्धतीमुळे निराळ्या रूपात उभा राहिला. कोकणीतील ‘ड’ पोर्तुगीजांनी ‘र’ च्या अक्षराने लिहिला, आणि अनुनासिक दाखविण्यासाठी शब्दान्ती ‘म’ चे अक्षर योजले. सत्तरीच्या परिसरातील एका डोंगराचे नाव रोमनमध्ये जसे दिसते तसे वाचले, तर ‘मोर्लेमचोगोर’ असे काही निष्पन्न होते. लेखनपद्धती जाणणाऱ्यास त्यात ‘मोर्लेंचो गड’, म्हणजे मोर्ले गावचा गड, हे स्वच्छ दिसते. ‘सोंसोगोर’ असे वाचले जाणारे नाव त्याच न्यायाने ‘सोंसोगड’ होय. येथे केवळ एक अक्षर चुकते असे नाही. ‘गड’ हा वर्गवाचक शब्दच नाहीसा होतो, आणि लोकांनी त्या उंचवट्यास कोणत्या वर्गात घातले होते ही माहिती त्याबरोबर जाते.

६. शुद्धीकरणाचा धोका

रोमन लिपीने केलेल्या चुका दुरुस्त करताना दुसऱ्या टोकास जाण्याचा मोहही टाळला पाहिजे. बोलीतील नाव अशुद्ध आहे असे समजून त्याचे संस्कृत रूप बनविणे, हा तो मोह होय. त्याने काय गमावते हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. तीत गौतमीपुत्र सातकर्णीच्या सत्तेखालील पर्वतांची यादी आली असून सह्य, मलय इत्यादींबरोबर कण्हगिरी हे नाव आहे. मुंबईजवळील कान्हेरी ती हीच. संस्कृत कृष्णगिरी, प्राकृत कण्हगिरी. त्यातील स्वरांमधला ‘ग’ लोपून व शेजारचे स्वर एकत्र येऊन कान्हेरी. जवळजवळ अठरा शतके हे नाव बोलणाऱ्यांच्या तोंडात अखंड चालत आले व चालता चालता मराठीच्या ध्वनिनियमांप्रमाणे झिजले. ही झीज हाच त्याच्या प्राचीनत्वाचा पुरावा आहे. कण्हेर या फुलझाडाशी त्याचे नाते जोडून कोणी ते ‘सुधारले’ असते, किंवा थेट कृष्णगिरी असे लिहून टाकले असते, तर मधल्या अवस्थांचा माग लागला नसता.

याउलट, ज्या डोंगरात हा लेख कोरलेला आहे त्यास त्याच लेण्यांतील लेखांत तिरण्हू, संस्कृतात त्रिरश्मी, म्हटले आहे. लोकांच्या तोंडी आज मात्र पांडवलेणी हे नाव आहे. येथे परंपरा मध्येच तुटली आणि जुने नाव शिलालेखांमुळेच समजले. सर्वच डोंगरांच्या वाट्यास शिलालेख येत नाहीत.

७. नोंद कशी असावी

वरील विवेचनावरून नामनोंदीची काही पथ्ये निष्पन्न होतात. पहिले असे की, नाव डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गावांत विचारले जावे; घाटमाथ्यावर एक व कोकणात दुसरे नाव आढळल्यास दोन्ही नोंदवून कोणते कोठले, हे लिहावे. दुसरे, उत्तर देणारा त्या डोंगरावर प्रत्यक्ष वावरणारा असावा. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर या समाजांतील वृद्ध स्त्रीपुरुषांस जी नावे ठाऊक असतात, ती पायथ्याच्या बाजारगावात बहुधा ठाऊक नसतात. तिसरे, नाव जसे ऐकले तसे देवनागरीत प्रथम लिहावे व रोमन रूप त्यावरून करावे; क्रम उलटा नसावा. चौथे, नावातील वर्गवाचक शब्द, म्हणजे डोंगर, सुळका, धार, नाळ, बारी इत्यादी, गाळू नये, आणि तो त्या गावात कोणत्या अर्थाने योजतात हे स्वतंत्र टिपावे. पाचवे, व्युत्पत्ती सांगितली गेल्यास ती निराळ्या रकान्यात लिहावी. तिच्या आधारे नावाचे रूप बदलू नये. डोंगराचे स्थान व उंची यांच्या शेजारी एवढी माहिती आली, म्हणजे सर्वेक्षकाची वर्गवारी व लोकभाषेची वर्गवारी परस्परांस ताडून पाहता येते.

भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनीव्हा येथे भरली. तेव्हापासून स्थानिक वापरास महत्त्व देण्याचे तत्त्व आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य होत आले आहे. परंतु स्थानिक वापर म्हणजे काय, हे कचेरीत बसून ठरविता येत नाही. शिवाय या कामास काळाची मर्यादा आहे. उंची आज मोजली काय किंवा पन्नास वर्षांनी मोजली काय, डोंगर जागेवरच राहणार. उपग्रहांच्या साहाय्याने ती उत्तरोत्तर अधिक अचूकही मिळेल. नावाचे तसे नाही. मोटाररस्ते झाल्यापासून नाळा व बाऱ्या यांतून पायी जाणारे कमी झाले आहेत. ज्या वाटेने कोणी जात नाही तिचे नाव घेण्याचा प्रसंगही येत नाही. आणि ज्या नावाचा उच्चार थांबला, ते पुन्हा मोजून काढण्याचे कोणतेही उपकरण उपलब्ध नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न आज सर्वांत आधी हाती घेणे इष्ट होय.